काटा हळू की रांग लांब?

'नेट स्लो आहे' हे आपल्याकडचं सर्वरोगहारी निदान. त्यामुळे घाटावरच्या एका पतसंस्थेत पासबुक छापेपर्यंत चहा निवायला लागला, तेव्हा आधी नेटवाला झापला गेला, मग मला फोन आला. पुण्याचा माणूस म्हणून माझ्या खुर्चीवर टॉवेल अंथरला होता. त्या टॉवेलनं मी जरा उंचच झालो.

एका सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशीन. तीन कामाची, चौथी कशासाठी ते कुणालाच ठाऊक नाही. मी ईएसएक्सटॉप हा सर्व्हरची नाडी दाखवणारा प्रोग्राम उघडला. काळ्या पडद्यावर आकडे नाचू लागले, मागे माणसं जमली. गरज नसताना मी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणालो, "डीएव्हीजी बघा." शिपायानंही गंभीरपणे बघितलं.

डीएव्हीजी म्हणजे डिस्कनं घेतलेला वेळ. केएव्हीजी म्हणजे हायपरवायझरच्या, म्हणजे या सगळ्या मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, रांगेत तिष्ठण्यात गेलेला. दोन्हींची बेरीज जीएव्हीजी; ती बिचाऱ्या मशीनच्या वाट्याला येते. काटा हळू चालतो की रांग लांब आहे, एवढाच प्रश्न. कापसाची गाडी ज्यानं रांगेत लावलीय, त्याला हे मी काय शिकवणार?

आमच्या खामगावला कापसाचं कौतुक जुनं. जलंबहून खामगावला आलेला रेल्वेचा फाटा 1870 मध्ये उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना उशीर नको! साहेबानं रेल्वेची लेटन्सी कमी केली, बैलगाडीची राहून गेली. शंभरेक वर्षांनीही बाबा खरेदी केंद्राबाहेर गाडीवर, कापसावरच निजायचे. जवळ भाकर-ठेचा, बिडी ओढायची सोय नाही, भोवती सगळा कापूस. सकाळी ग्रेडर यायचा, चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी बघायचा आणि 'ओलावा आहे' म्हणून पुढच्या गाडीकडे वळायचा. वजनाला पाच मिनिटं, वाट बघायला रात्र. त्या रात्रींचा आलेख कुणी काढला नाही. मी मात्र मिलिसेकंदांचे रंगीत आलेख काढतो आणि लोक टाळ्या वाजवतात. कधीकधी या टाळ्यांची चीड येते. थांबवत मात्र नाही.

तर, केएव्हीजी शून्य, डीएव्हीजी चाळिशीच्या वर, तेही फक्त लिहिताना. अनेक डिस्क एकत्र हाकणाऱ्या रेड कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी मेली होती. ती जिवंत असते तोवर कंट्रोलर मजकूर आपल्या मेमरीत घेतो आणि 'झालं' म्हणून मोकळा होतो. ती मेली की लाइट जाण्याच्या धास्तीनं प्रत्येक अक्षर चकतीवर उतरेस्तोवर अडून बसतो. त्यात मिनिटाला 7200 फेऱ्यांची चकती. हवी ती जागा सुईखाली यायलाच सरासरी 4 मिलिसेकंद. वर रेड 5, म्हणजे एका छोट्या लिहिण्यासाठी दोनदा वाचा, दोनदा लिहा.

"पेन्सिल सेल चालतील का?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

एवढं किरकोळ कारण माझ्या टॉवेलला शोभेना. म्हणून मी फळ्यावर बाण काढत तासभर बोललो आणि अहवालाला 'कारणमीमांसा' असं नाव दिलं.

घाट उतरून खामगावला घरी आलो. बाबांनी विचारलं, "मिलिसेकंद म्हंजे किती?"

"सेकंदाचा हजारावा भाग."

"अन् त्याचे पैसे देतेत?"

मी बिलाचा आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"दोन क्विंटल झाले की! अन् ओलाव्याचं काई कापलं नाई?"