मूळ माझं, कौलं तात्यांची

न्यू जर्सीतली भाची नोव्हेंबरअखेर रत्नागिरीला येणार, तर तिच्यासाठी पम्पकिन पाय करायचा, आणि तोही सगळं घरचं वापरून, असं मी जेवता जेवता जाहीर केलं. ‘पाय’ या शब्दावर होण्यासारखे सगळे विनोद आईने ताकभातापर्यंत संपवले, म्हणून ते इथे देत नाही. अमेरिकेत हा पदार्थ थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, खातात असं मी सांगताच तिने गुरुवारचा उपास धरला.

काहीही करण्याआधी मी अभ्यास करतो; त्यामुळे पुष्कळ गोष्टी करायच्या राहून जातात आणि घर शाबूत राहतं. अमेलिया सिमन्स नावाच्या बाईंनी १७९६ साली अमेरिकेत पाककृतींचं जे पुस्तक छापलं, त्यात भोपळ्याचा पाय आहे. त्या वर्षी इकडे आमच्या वेळासचे नाना फडणवीस पेशव्यांच्या गादीवर कोणाला बसवायचं या घोळात अडकले होते. शिवाय भोपळा मूळचा अमेरिकेचाच. इथे आल्यावर आपण त्याचे घारगे केले. मी तो त्याच्या माहेरच्या रीतीने करणार होतो. दालचिनी आणि जायफळ परसात आहेतच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण तेज’ आणि ‘कोकण सुगंधा’ या जाती, रोपं मी स्वतः आणलेली, असं भाचीला कळवलं. ती बायकोने जगवली, हे कळवण्याची गरज वाटली नाही.

भोपळ्याचं प्रकरण जरा नाजूक होतं. वेल आमच्या गडग्याशी लावलेला, पण तो चढला शेजारच्या तात्यांच्या पडवीवर आणि फळ धरलं त्यांच्या कौलांवर. रत्नागिरीत वाटणीचा दावा आजोबा लावतात आणि तारखांना नातू जातो, म्हणून मी सामोपचाराने घेतलं.

“तात्या, मूळ माझं आहे.”

“असेल. कौलं माझी फुटली. पावसाळाभर भार कोणी वाहिला?”

अर्धा पाय देण्यावर मिटलं. अर्धा म्हणजे उभा कापून, आडवा नव्हे, हेही तात्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

मध आमच्या पेटीतला. पेटीत सातेरी माश्या. सातेरी स्वभावाने शांत, असं प्रशिक्षणात सांगतात आणि ते खरंही आहे. तोवर तिची माझ्याशी गाठ पडलेली नव्हती. सोडणाचा धूर केला तो आधी माझ्याच डोळ्यांत गेला. त्यानंतर परसात काय घडलं ते बायको खिडकीतून बहिणीला फोनवर सांगत होती, त्यामुळे तपशील सावंतवाडीपर्यंत पोचलेले आहेत. मध निघाला वाटीभर. पुढे माश्या पेटी सोडूनच गेल्या. सातेरीला जागा सोडायची खोडच असते, असं पुस्तकात आहे. बायको म्हणते, लिहिणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नाही, म्हणून त्याने माश्यांना दोष दिला.

“मध तापवू नये,” आई म्हणाली. “चरकानं लिहून ठेवलंय.”

“आई, अमेरिकेत सगळे तापवतात.”

“म्हणूनच तिकडे औषधं महाग.”

सारण धरायला अंडी लागतात. घरची कोंबडी नेमकी खुडूक बसली होती, आणि दुकानातली अंडी माझ्या तत्त्वात बसत नव्हती. म्हणून तांदळाची पिठी. दुधाऐवजी नारळाचा रस. पारीला मैदा हवा, पण आमच्या चौफेर पिकतात ते भात आणि नाचणी, तेव्हा नाचणी. गव्हाची कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे आणि नाचणीत ग्लुटेन नसतं, हे मला आधीपासून माहीत होतं, पण नाचणीलाही ते इतकं पक्कं माहीत असेल असं वाटलं नव्हतं. पारी पोळपाटावरून उचलली की निम्मी खालीच. लोणी घट्ट आणि गार हवं म्हणतात. नोव्हेंबरातली आमची दुपार तेहतीस अंशांची. फ्रीजपासून ओट्यापर्यंत येईतो लोणी तुपाच्या वाटेला लागलं होतं. शेवटी पारी भांड्यात बोटांनी थापली. बायकोने विचारलं, “सारवताय का?”

मध साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून आच कमी ठेवायची. मी ओव्हन मंद लावला. मग वीज गेली आणि आच आणखी मंद झाली.

काळोखात सगळे माझ्याकडे बघत असावेत. आई काही बोलली नाही, तिने चूल पेटवली. श्रावण-भाद्रपदात ती धोंडस करते तसंच केलं. धोंडसाला जून तवसं किसायचं, त्याच्या पाण्यात तांदळाचा रवा शिजवायचा, गूळ-खोबरं घालायचं, आणि जाड बुडाच्या टोपावर झाकण ठेवून वर करवंट्यांचे निखारे, खाली विस्तव. वरून खालून सारखी आच. यासाठी मी ओव्हनला पैसे मोजले होते. माझं भांडं तिने टोपात उतरवलं. किती वेळ लागेल, असं विचारलं तर म्हणाली, “वास येईल तेव्हा.” वास आला तो आधी जायफळाचा, मग दालचिनीचा, मग करपल्याचा.

भाचीने पहिला घास खाल्ला आणि विचार करत राहिली. तात्या आपला हिस्सा वसूल करायला वाटी घेऊन हजर होतेच. त्यांनी चमच्याने वरचा थर चाखला.

“धोंडस झकास झालंय वहिनी! तवसं जरा जास्तच जून होतं का?” मग चमचा बुडाला लागला. तिथे नाचणीचा कोळसा झाला होता. “आडवा कापलास तरी चालेल हां,” तात्या मला म्हणाले. “वरचा अर्धा मला.”

बिया आईने राखेत घोळून सुपात वाळत घातल्या आहेत. तात्यांचं म्हणणं, तडजोड पायची झाली, बियांची नव्हे, आणि त्या कौलांवरच्या फळातल्या आहेत. परवा ते गडग्यापलीकडून बिया मोजताना दिसले. मीही उलट मागणी तयार ठेवली आहे: त्यांच्या पडवीवर पावसाळाभर जी सावली पडली, ती माझ्याच मुळाच्या जोरावर. तिचं भाडं.