सोलकढी दिसली की थांबा

अभिनंदन. बदलीवर चंडीगडला आलात आणि पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलीत. विकणाऱ्याने सांगितलंच असेल की गाडी डॉक्टरांची होती. या शहरात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांचा हिशेब मांडला, तर इथला डॉक्टर दवाखाना सोडून नुसत्या गाड्याच बदलत असणार. असो. पहिले चार दिवस तुमचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडेल आणि मागच्या सीटवरच्या सासूबाई पुढे येतील. पाचव्या दिवशी तुम्ही तज्ज्ञ व्हाल आणि चारचौघांत सांगाल, "ऑटोमॅटिकला काही करावं लागत नाही."

हे वाक्य जपून ठेवा, आपला सगळा अभ्यासक्रम त्यावरच उभा आहे. गिअरबॉक्सच्या तेलाची काळजी अशी घ्यायची, की आपल्याला समाधान पुरेपूर मिळावं आणि तेलाला मात्र त्याचा पत्ताही लागू नये.

१. पट्टी शोधा. बॉनेट उघडा. समोर पिवळी कडी दिसेल. ती ओढा, पुसा, बुडवा, पुन्हा ओढा, "आहे की तेल" असं म्हणून बॉनेट आपटा. ती इंजिन ऑइलची पट्टी होती. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचं शिक्षण इथेच पूर्ण होतं. गिअरबॉक्सची पट्टी वेगळी असते, खाली, एखाद्या होजपाइपच्या मागे, जिथे हात घातला की घड्याळाचा पट्टा अडकतो. काही गाड्यांत ती नसतेच. कंपनीने तेल आयुष्यभरासाठी भरलेलं असतं. कुणाच्या आयुष्यभरासाठी, हे विचारू नका. गिअरबॉक्स गेला की त्याचं आयुष्य संपलं, म्हणजे तेल पुरलंच की.

२. मुहूर्त गाठा. तेल गार असताना बघायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा, सपाट जागी लावा. पुढे पंथभेद आहेत. टोयोटाच्या पट्टीवाल्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून, दांडा सगळ्या खाचांतून एकदा फिरवून, P मध्ये आणून पट्टी काढायची. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत पट्टी काढायची, कारण थांबल्यावर वरचं तेल खाली उतरतं आणि पातळी बदलते. लग्नाचा मुहूर्तसुद्धा भटजी दहा मिनिटं पुढे ढकलतात, इथे ती सोय नाही. नेमकं त्याच वेळी शेजारचे निवृत्त कर्नलसाहेब कुत्र्याला घेऊन येतात आणि विचारतात, "सब ठीक है, जी?" त्यांना पुण्याचं हवामान सांगून होईपर्यंत मुहूर्त टळलेला असतो.

जानेवारीच्या धुक्यात, गारठलेल्या गाडीत बघाल तर पातळी कमी दिसेल. लगेच अर्धा लिटर ओता. गरम झाल्यावर तेल फुगतं, फिरणाऱ्या भागांना लागतं, त्याचा फेस होतो, आणि फेस दाब धरत नाही, गिअर घसरतो. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, पुन्हा फेस, पुन्हा गिअर घसरतो. जास्त झालं काय नि कमी झालं काय, दुखणं एकच. रोगनिदान इतकं सोपं झाल्यावर तपासायचं कशाला?

३. रंग ओळखा. पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवा. कोकम सरबताचा रंग आला तर तेल तरुण आहे. तो लाल रंग निव्वळ ओळखीपुरता घालतात, गाडीखाली डाग पडला तर तेल कुठलं गळतंय ते कळावं म्हणून. टपरीवरच्या चहासारखं दिसलं तर बदलायला झालंय. काढ्यासारखं काळं आणि फोडणी करपल्याचा वास, म्हणजे आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या. आणि सोलकढी दिसली, तर थांबा. रेडिएटरचं पाणी तेलात मिसळलंय. कोकणी मनाला कितीही गहिवर आला तरी गाडी चालू करू नका.

४. तेल घाला. दुकानात जाऊन "लाल तेल द्या" म्हणा. दुकानदार विचारेल, डेक्स्रॉन, एसपी-थ्री, झेड-वन की टी-फोर? तुम्ही म्हणा, "जे सगळे घालतात ते." लाल ते सगळं एकच, हे धोरण ठेवा. आत क्लच किती घट्ट धरायचा आणि किती हलके सोडायचा हे त्या तेलातल्या मसाल्यावर ठरतं, गरम मसाला आणि गोडा मसाला यांच्यात असतो तेवढा फरक त्यात असतो, वगैरे गोष्टी सुगरणींसाठी. तुमची गाडी सीव्हीटी असली तर तिला तिचंच तेल लागतं, पण दिसायला तीही ऑटोमॅटिकच, तेव्हा भेदभाव नको. हा मसाला पूर्वी फार दूरवरून यायचा. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिक तेलात देवमाशाचं तेल असे. १९७० च्या दशकात त्यावर बंदी आली आणि कंपन्यांची दुसरं काही शोधायला धावपळ झाली. म्हणजे मनुष्याला क्लच दाबायचा कंटाळा आला म्हणून समुद्रातला देवमासा मरत होता. आपल्या डाव्या पायाचा आळस किती लांबवर पोचतो बघा.

तेल बदलायचंच ठरवलंत तर मिस्तरी हात जोडेल. "ना जी, नया तेल डालोगे तो गिअर फिसलेगा." ही श्रद्धा इथल्या मनीमाजऱ्यापासून मंगळवेढ्यापर्यंत सारखीच आहे, आणि गंमत म्हणजे ती निम्मी खरी आहे. लाखभर किलोमीटर ज्या तेलाकडे कुणी पाहिलं नाही त्यात झिजलेल्या चकत्यांची भुकटी तरंगत असते, आणि थकलेला क्लच तिच्याच जोरावर कसाबसा पकड धरून असतो. मिस्तरी निदान सांगत नाही, मृत्युपत्र वाचून दाखवतो. आणि बोल्ट उघडून तेल सोडलं तरी निम्म्याच्या आसपासच बाहेर येतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडून बसतं. म्हणून जाणकार थोडं थोडं करून दोन-तीनदा बदलतात. तुम्ही एकदाच बदला आणि जुन्या-नव्याचं जे मिश्रण होईल त्याला नवं तेल म्हणा.

५. व्यायाम द्या. संध्याकाळी सेक्टर १० आणि ११ च्या रस्त्यांवर गेडी मारायला जा. गेडी म्हणजे कुठेही न जाता, गाणी मोठ्याने लावून, त्याच त्या चौकांतून हळूहळू फिरणं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे जातो, आणि अशा रेंगाळण्यात तो तेल घुसळून तापवण्यातच जास्त जातो. तेलाला उष्णतेइतकं वाईट काहीच नाही. ४४ अंशांच्या मे महिन्यात उत्तम निकाल मिळतो.

६. परीक्षा द्या. ल कॉर्बुझिएने हे शहर इतकं सपाट, सरळ आणि चौकोनी आखलं की गिअरबॉक्सची सगळी पापं त्यात झाकून जातात. वर्षभर D मध्ये टाका, मध्य मार्गावर गाडी लोण्यासारखी जाते. मग पुण्याहून पाहुणे येतात आणि कसौली निघते. ३२० मीटरवरचं चंडीगड, १९०० मीटरच्या आसपासची कसौली, आणि गाडीत पाच माणसं, चकलीचा डबा वेगळा. परवानूच्या पुढे चढ लागला की दांडा २ वर आणायचा असतो, पण तुम्ही D सोडू नका, स्वाभिमानाचा प्रश्न आहे. इंजिन ओरडेल, गाडी विचार करेल. धरमपूरला पराठा खायला थांबाल तेव्हा करपल्याचा वास ढाब्यातून येतोय की बॉनेटमधून, हा खेळ पाहुण्यांना खेळू द्या.

गाडी बसलीच, तर एखादा भला ट्रकवाला दोर बांधून ओढायला तयार होईल. आनंदाने होकार द्या. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे तेल फिरत नाही, आणि चाकं मात्र आतली यंत्रं कोरडी फिरवत खाली चंडीगडपर्यंत येतात. पुढची चाकं उचलून नेणारी गाडी मागवली असती तर कदाचित काही वाचलं असतं, पण त्यात एवढी माणुसकी कुठली.

७. मनीमाजरा. या शहराच्या आराखड्यात १३ नंबरचा सेक्टर नव्हता. नंतर तो आकडा मनीमाजऱ्याला देण्यात आला. मोटार मार्केट तिथेच आहे, जुने गिअरबॉक्स तिथेच मिळतात. योगायोग समजा. सेकंडहॅन्ड गिअरबॉक्स बसवून घ्या, आणि तो ज्या गाडीतून निघाला तीही डॉक्टरांचीच होती हे ऐकून घ्या.

८. विका. जाहिरातीत लिहा: एकहाती, डॉक्टरांची, गिअर मक्खन, तेल नुकतंच बदललं. गिऱ्हाईक आलं आणि त्याने आरसे, टायर, म्युझिक सिस्टिम बघितली, तर निश्चिंत व्हा. पण एखाद्याने गाडी आधी गरम करायला लावली, खाली वाकून दुसरी पट्टी काढली, थेंब दोन बोटांत चोळून नाकाला लावला, तर त्याला गाडी विकू नका. तो कुठल्या गाडीतून आलाय ते बघा, आणि ती किती रुपयांना देणार ते विचारा.