प्रौढ व्यक्ती हजर हवी

सिंगापुरात घरकामाला परदेशी बाई ठेवायची, तर आधी आपणच शाळेत जावं लागतं. पहिल्यांदा मदतनीस ठेवणाऱ्यांना इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने तीन तासांचा वर्ग सक्तीचा केला आहे. आम्ही मदतनीस ठेवायचं ठरवलं तेव्हा सासूबाई डोंबिवलीहून आल्या होत्या. त्यांना हे पटेना. "बाई ठेवायला क्लास? आमच्याकडे तर बाईच आमचा क्लास घेते!"

वर्गापेक्षा जास्त ज्ञान मैत्रिणींकडून मिळालं. एक म्हणाली, पासपोर्ट आपल्या कपाटात ठेव. (ठेवू नका, तो गुन्हा आहे.) दुसरी म्हणाली, माझ्याकडे सत्यनारायण असला की तुझी बाई पाठव हं. (पाठवू नका. परवान्यावर ज्याचं घर, तिथेच तिने काम करायचं.) तिसरी म्हणाली, रविवारची सुट्टी देऊ नकोस, बिघडतात. ही स्वतः शुक्रवारी दुपारी चारनंतर ऑफिसातल्या कुणालाही सापडत नाही.

मग एजंटने बायोडाटांचा गठ्ठा पाठवला. वय २३ ते ५०च्या आत, शिक्षण निदान आठ वर्षांचं, ही सरकारची अट. त्यापुढे उंची, वजन, धर्म, भावंडं किती, मुलं किती, डुकराचं मांस हाताळेल का, गोमांस हाताळेल का, कुत्र्याला घाबरते का. सासूबाई चष्मा पुसून बसल्या. "अगदी स्थळांच्या पत्रिकेसारखंच आहे की! नाडी तेवढी दिलेली नाही." आणि जुन्या सवयीने त्यांनी एकीला नापसंतही केलं. "उंची कमी आहे गं."

"आई, माळ्यावरचं काढायला शिडी आहे आपल्याकडे."

त्यातच जावा बेटावरची एक बाई होती. मुलं : एक. वय : सहा. सांभाळणार : आजी. आमचे चिरंजीवही सहा वर्षांचे आणि त्यांनाही तेव्हा आजीच सांभाळत होती. फरक इतकाच की यांची आई रात्री घरी यायची.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. मी प्रश्न लिहून काढले होते, पण विचारले तिने. घरात माणसं किती? मुलगा रात्री उठतो का? झोपायला जागा कुठे? वाय-फाय आहे का? रविवारी सुट्टी मिळेल का? आणि आजी कायमच्या की पाहुण्या? हा शेवटचा प्रश्न लग्नाआधी मला कसा सुचला नाही, कोण जाणे.

आता पैसे. पगाराचा कायदेशीर किमान आकडा सिंगापुरात नाही. ज्या त्या देशाचा दूतावास आपला आकडा सांगतो. पगाराशिवाय सरकारला महिन्याला ३०० डॉलर शुल्क. घरात लहान मूल किंवा वृद्ध असलेल्या नागरिकांना ते ६० पडतं, पण नोकरीच्या पासवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना सवलत नाही. शिवाय विमा, दर सहा महिन्यांनी तिची वैद्यकीय तपासणी आणि ५,००० डॉलरचा हमी-बाँड. "एवढी हमी? ती पळून जाईल म्हणून?" नवऱ्याने विचारलं. तेवढ्यासाठीच नाही. आपण पगार थकवला, परत जाताना तिचं तिकीट काढलं नाही, तरीही तो जप्त होऊ शकतो. म्हणजे सरकारला भरवसा आपलाही नाही. यावर नवरा गप्प बसला. डोंबिवलीच्या बाईंचा दिवाळीचा बोनस संक्रांतीला देणारं घराणं त्याचंच.

खरा प्रश्न जागेचा. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये जाड काँक्रीटची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. युद्ध झालंच तर कुटुंबाने तिथे आसरा घ्यायचा. आमच्या त्या खोलीत मोदकपात्र, गणपतीचं मखर, रिकाम्या सूटकेसा, चकलीचा सोऱ्या आणि 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेल्या आइस्क्रीमच्या डब्यांची चळत होती. बाँब पडला असता तर मखर वाचलं असतं, आम्ही बाहेर. पण माणूस आत झोपवायचा तर हवा हवी, आडोसा हवा, पलंग हवा. शेवटी मखर आमच्या बेडरूममध्ये आलं आणि तिला अभ्यासिका दिली. तिथे आजवर कोणी अभ्यास केलेला नव्हता.

ती आली, आणि तिसऱ्या दिवशी खिडक्यांचा विषय निघाला. आमचा मजला अकरावा. खिडकी बाहेरून पुसायची तर ग्रिल कुलूपबंद असलं पाहिजे आणि शेजारी प्रौढ व्यक्ती देखरेखीला हवी, असा कडक नियम आहे; खिडक्या पुसताना पडून बायका दगावल्या, म्हणून आला. मी ऑफिसात. फोनवर सासूबाईंना विचारलं, "घरी कोण आहे?"

"तुझा नवरा आहे."

"प्रौढ कोण आहे?"

पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. खिडक्या शनिवारी पुसल्या.

स्वयंपाकघराची मला धास्ती होती. सासूबाई सोवळ्याच्या नसल्या तरी खलबत्त्याच्या बाबतीत आहेत. पण तिने वाळल्या कोळंबीचं तिखट संबाल कुटलं आणि माहेरच्या मालवणच्या सासूबाई त्या वासाने ओट्यापाशी आल्या. त्यांनी सुकटीचा हिशेब मांडला, तिने मिरच्यांचा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण माझा स्वयंपाक बेताचा आहे यावर त्यांचं एकमत झालेलं मला स्पष्ट दिसलं.

रविवार मात्र तिचा. आठवड्याची सुट्टी इथे २०१३पासून कायद्याने आहे. मोबदला देऊन त्या दिवशी काम करून घेता येतं, पण २०२३पासून महिन्यातली एक तरी सुट्टी पैसे मोजूनही विकत घेता येत नाही. ती नटूनथटून मैत्रिणींकडे सिटी प्लाझाला जाते; तो तिच्या देशातल्या बायकांचा अड्डा. फिलिपिनो बायकांचा अड्डा लकी प्लाझा, म्यानमारच्यांचा पेनिन्सुला प्लाझा. इकडे घरात चहाची गाळणी सापडत नाही. एका रविवारी नवऱ्याने तिला फोन करायला मोबाईल उचलला, तो सासूबाईंनी काढून घेतला. "सुट्टी आहे तिची. चहा फडक्याने गाळ."

तेव्हा मदतनीस ठेवणाऱ्यांनो, तिला काय काय येतं हे नंतर विचारा. ती झोपेल कुठे, जेवेल काय, रविवारी गाळणी कोण शोधेल आणि घरात निदान एक तरी प्रौढ माणूस आहे का, याची उत्तरं आधी काढा. ती नसतील तर झाडू मारणारा रोबो घ्या. त्याला रविवारही लागत नाही आणि सहा वर्षांचं मूलही नसतं.