फिर्याद दप्तरी दाखल

अवटू ग्रंथी मंदावली, की अंग जड होते, केस गळतात आणि भर वैशाखात शाल पांघरावीशी वाटते; परंतु ही फिर्याद घेऊन रुग्णा डॉक्टरांपुढे हजर झाली, की तिच्या मुद्रेकडे दृष्टिक्षेपही न टाकता ते कागदावरील टीएसएचचा आकडा तेवढा वाचतात, आणि तो ०.४ ते ४ च्या हद्दीत असला, की तक्रार तत्काळ दप्तरी दाखल होते. वास्तविक हा आकडा मस्तकातील पीयूषिका ग्रंथीने अवटूला धाडलेल्या तगाद्याचा. तगादा थांबला म्हणजे वसूल घरोघर पोचलाच, असे मानणारा मामलेदार भाबडाच म्हणायचा. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्णेला बरे केले, तेव्हा त्यांच्यापाशी हा आकडा नव्हता. रुग्णा मात्र समोर होती. हल्ली त्या अर्काच्या जागी अनशापोटी गोळी, चहासाठी अर्धा तास ताटकळणे आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, हा शिरस्ता. त्यातूनही थकवा उरलाच, तर ‘वयोमानाने होतं, जरा फिरायला जात जा’ असा निकाल. गोळी गुणकारी खरी, आणि थकव्याचे मूळ कधी रक्तक्षयातही असते. परंतु ते शोधण्यासाठी आधी रुग्णेचे म्हणणे ऐकावे लागते, आणि या तपासणीचे दर कोणत्याही प्रयोगशाळेच्या फलकावर लावलेले नाहीत.