अहो, पाऊस पाडला त्यांनी!

अहो, ऐकलंत का? त्या 'ड्यून' सिनेमाचं म्हणतेय मी. हल्लीचा नव्हे हो, डेव्हिड लिंचचा, 1984 चा! फ्रँक हर्बर्टची एवढी जाडजूड कादंबरी, आणि कोंबली कशात? 137 मिनिटांत! आता तुम्हीच सांगा, अख्खं रुखवत एका पिशवीत मावेल का? बरं, लिंचच्या हातात शेवटची कात्रीच नव्हती. ती निर्मात्याकडे. दिनो दे लॉरेंतिस, आणि सोबत त्याची लेक राफाएला. घरचाच कारभार... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

तर काय सांगत होते, कोण कुणाचं ते लोकांना कळेना, म्हणून थिएटरात चक्क शब्दार्थांचे कागद वाटले! अंधारात वाचायचे कसे, ते देव जाणे. सुरुवातीलाच ती राजकन्या इरुलान बोलबोल बोलते, विरून जाते, आणि सांगायचं राहिलं म्हणून पुन्हा उगवते! पुढे जो तो तोंड मिटून मनातल्या मनात कुजबुजतो. पॅट्रिक स्टुअर्ट लढाईत धावतोय, तर छातीशी पग! आणि स्टिंगची ती निळी चड्डी... हळू बोलते, पोरं ऐकतील.

खरी गंमत त्या दिग्दर्शक होदोरोव्स्कीची. त्याला लिंचच्या आधी करायचा होता ना 'ड्यून'! दाली काय, ऑर्सन वेल्स काय, मिक जॅगर काय, सगळे ठरवून ठेवलेले. पैसेच उभे राहिले नाहीत. मग लिंच करतोय म्हटल्यावर चेहरा असा उतरला म्हणता, कारण लिंचला तो मानायचा. पोरांनी बळेबळे थिएटरात नेला. आणि सिनेमा जसजसा पुढे सरकला तसतसा गडी खुलत गेला! भिकार निघाला ना! 2013 च्या त्या डॉक्युमेंटरीत स्वतःच सांगतो हो, डोळे नुसते चमकतायत. वर म्हणतो, दोष लिंचचा नाही, निर्मात्याचा. मला तर आवडला बाई त्याचा खरेपणा.

पण मला विचाराल तर बाकी सगळं माफ, तो पाऊस नाही! ज्या ग्रहावर माणसं घाम गाळून तोच पितात, तिथे शेवटी सिनेमाचा नायक पॉल पाऊस पाडतो. अहो, पाण्याने ते वाळूतले किडे मरतात! किडे मेले तर त्यांच्यापासून होणारा तो मोलाचा मसाला, स्पाइस, येणार कुठून, ज्याच्यासाठी एवढी मारामारी? हर्बर्टला एरवी सिनेमा आवडला होता, पण हे त्यालाही खटकलं. पॉल म्हणजे देव नव्हे, देवाचं सोंग घेतलेला माणूस, असं त्याचं म्हणणं.

आणि पुढचं ऐका. 1988 मध्ये टीव्हीसाठी लांबलचक आवृत्ती केली, तेव्हा लिंचने नावच काढून घेतलं. दिग्दर्शक कोण, तर 'ॲलन स्मिथी', म्हणजे नाव नको असलेल्या दिग्दर्शकांचं ठरलेलं खोटं नाव. पटकथा 'जूडस बूथ'! जूडस ख्रिस्ताला दगा देणारा, बूथ लिंकनला गोळी घालणारा. टोमणा बघा केवढा!

त्याआधी 1986 मध्ये त्याच दिनोकडे 'ब्लू वेल्वेट' केलान की! बजेट कमी चालेल म्हणाला, पण कात्री माझ्याकडे. आणि हीरो कोण घेतला असेल? तोच, आपला पॉल, काइल मॅक्लाक्लन!