लांब कागद, जुना कागद

एकाच अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर असल्याचा त्रास आम्हाला पोस्टाच्या जमान्यापासून ठाऊक आहे. तरी मागच्या वर्षी मी ऑनलाइन मागवलेला प्रिंटर आधी चांदूर रेल्वेला गेला, तिथे दोन दिवस मुक्काम करून मग चांदूर बाजारला आला. नरखेड लाइन झाल्यापासून स्टेशन आमच्याकडेही आहे, नाव मात्र बाजाराचं ते बाजाराचंच. कुरिअरच्या पोराला हा भूगोल सांगायला लागलो तर तो म्हणाला, "वकीलसायेब, सही करा."

मी वकील नाही. तहसीलसमोरच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि जात पडताळणीच्या फायली तयार करतो. पाटीवर 'ऑफिस' असं लिहिलंय, लोक त्याला दुकान म्हणतात आणि आत येऊन पहिलं वाक्य बोलतात, "झेरॉक्स मारून द्या बरं."

आलेला प्रिंटर हा माझा तिसरा. पहिला शाईच्या टाकीचा होता. एका पानाला काही पैसे एवढाच खर्च, रंगीतही निघतं, म्हणून हौसेनं घेतला. दिवाळीत आठ दिवस गाळा बंद होता. उघडला तेव्हा सातबाऱ्यावर पांढऱ्या रेघा, जणू तलाठ्यानं शेतात धुरे पाडले. मेकॅनिक अमरावतीहून आला, आत डोकावला आणि म्हणाला, "बसून बसून खराब झालं हे. रोज एक कलर पान काढत जा." म्हणजे माणसाला डॉक्टर सांगतो तेच. शाई पाण्यासारखी, नळ्या केसाएवढ्या. आमच्याकडचा मे महिना तर गोठ्यातलं टाकं आटवतो, त्या नळ्यांची काय कथा! त्यात संत्र्याच्या मोसमात गिऱ्हाईक फोड खात खात प्रतिज्ञापत्र हातात घेतं आणि नेमकं 'सत्यप्रतिज्ञेवर' या शब्दाला निळसर मिशी फुटते.

दुसरा लेझर. त्याची शाई म्हणजे बारीक भुकटी, ती 200 अंशांच्या आसपास तापवून कागदावर वितळवतात, म्हणून ओल्या बोटाला भीत नाही. या विद्येचा मूळपुरुष चेस्टर कार्लसन माझ्याच धंद्यातला निघाला, याचा मला उगाच अभिमान आहे. न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कामात नकला करून करून तो कंटाळला होता. 22 ऑक्टोबर 1938 रोजी त्यानं पहिली कोरडी प्रत काढली, तिच्यावर तीच तारीख आणि जागेचं नाव होतं, अस्टोरिया. त्या प्रकाराला पुढे ग्रीक शब्दांवरून जे नाव पडलं त्याचा अर्थच कोरडं लिखाण. आमच्या तालुक्यात बागा ओलिताच्या आणि झेरॉक्स कोरडवाहू.

लेझरचा दोष मला लाईट गेल्यावर कळला. ती भुकटी वितळवणारी भट्टी तापताना एकदम इतकी वीज ओढते की टेबलाखालचा यूपीएस आधी ओरडला, मग कॉम्प्युटर घेऊन झोपला. अर्धी टाईप केलेली वारसाची यादी गेली. तेव्हापासून लेझरची पिन थेट भिंतीत. लाईट नसली की तो आणि मी दोघं चहा घेतो, म्हणजे मी घेतो.

इथवरचं दुकानदारही सांगतो. मिनिटाला किती पानं, वायफाय आहे का, टोनर किती हजार पानं चालतो. स्कॅनरबद्दल मात्र कोणी धड बोलत नाही, आणि माझ्या ऑफिसात खरा जीव तिथेच अडकतो. पडताळणीला ओबीसीचा पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा लागतो, विमुक्त-भटक्यांचा 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. त्यामुळे लोक कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या नकला आणतात, आज्याच्या शाळेचा दाखला आणतात. चार घड्या, घडीघडीवर भोक, कडेला हळदीचा डाग.

माधानकडचे एक आजोबा असाच दाखला घेऊन आले. मी शहाणा. मशीनच्या डोक्यावर आपोआप कागद ओढणारा फीडर होता, त्यात सरकवला. रबराच्या रुळानं पहिली घडी पकडली आणि करकर आवाज आला. आजोबा शांतपणे म्हणाले, "खाल्ला का काय बाप्पा?" झाकण उघडून, चिमट्यानं, श्वास रोखून मी तो बाहेर काढला. एक कोपरा गेला, नाव आणि तारीख वाचली. त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत, आणि त्यांनी जाताना पुन्हा एकदा मशीनकडे पाहिलं, वासराला लाथ मारणाऱ्या गायीकडे पाहावं तसं.

तेव्हापासून जुना कागद काचेवर. तळहातानं सरळ करायचा, वर काळा कार्डबोर्ड ठेवायचा, म्हणजे पातळ कागदाच्या पाठीवरची शाई पुढे उमटत नाही. झाकण दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. 300 डीपीआय, ग्रे. पोर्टलला फाईल लहान लागते, ती नंतर लहान करता येते. फाटलेला दाखला नंतर मोठा करता येत नाही.

पण काचेचीही एक खोड आहे. नेहमीची काच ए-फोर, लांबी 297 मिलिमीटर. आमचा लीगल कागद 356. खालचे सहा सेंटिमीटर बाहेर राहतात, आणि सही, शिक्का, तारीख हे सगळं नेमकं त्या सहा सेंटिमीटरमध्ये असतं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 पासून ए-फोर धरला. आमच्या बाँडपेपरला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

म्हणजे फीडर लांब कागद घेतो आणि जुना खातो, काच जुना सांभाळते आणि लांब कापते. तिसरं मशीन घेताना मी वेग विचारला नाही. लीगल फीडर आणि काच दोन्ही असलेला काळा-पांढरा लेझर घेतला. रंगीत फोटो शेजारच्या स्टुडिओत पाठवतो, त्यालाही धंदा पाहिजे.

तुम्हाला घ्यायचा असेल तर ऑफिसातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात जुना, असे दोन कागद पिशवीत घालून दुकानात जा. ऑनलाइन मागवणार असाल तर चांदूरपुढे बाजार लिहायला विसरू नका.