पातेपारखी

घरासाठी एक सुरी विकत घ्यायची म्हणून चार महिने अभ्यास करणारा गृहस्थ म्हणजे पातेपारखी. तो चाळिशीच्या आसपासचा असतो. घराचे निम्मे हप्ते फिटलेले असतात आणि लॉकडाऊनच्या काळात त्याने एकदा तरी घरी पाव भाजलेला असतो. त्याआधी तो स्वयंपाकघरात मुख्यतः पाणी प्यायला जात असे. ही जात स्त्रियांत फारशी आढळत नाही. ज्यांना रोज सकाळी सातच्या आत डब्याची भाजी चिरायची असते, त्यांना सुरीविषयी मत बनवायला सवड मिळत नाही.

लागण सहसा परक्या स्वयंपाकघरात होते. न्यू जर्सीच्या मेहुण्याकडे किंवा म्युनिकच्या मित्राकडे गेला असताना कुणीतरी त्याच्या हातात टोमॅटो आणि सुरी देते, आणि टोमॅटो न चिरडता चिरला जातो. पातेपारख्याच्या घरची रीत वेगळी असते. आधी टोमॅटोत सुरीचे टोक खुपसायचे, मग त्या भोकातून पाते आत सरकवायचे, आणि ओट्यावर आलेला रस फडक्याने पुसून घ्यायचा. आपण आजवर टोमॅटो चिरत नव्हतो, त्याला भोसकत होतो, हे त्याला तिथे उमगते.

परतल्यावर तो घरातल्या शस्त्रागाराची झडती घेतो. लाल प्लास्टिकच्या मुठीची, पाते हलणारी सुरी; कलिंगडासाठी घेतलेला आणि कलिंगडालाही न पुरणारा सुरा; लग्नात आलेला, अजून खोक्यातच असलेला सहा सुऱ्यांचा संच; आणि ओट्याखाली भिंतीला टेकवलेली विळी. विळीकडे तो बघत नाही. अभ्यास सुरू होतो.

या शास्त्रात गाण्याप्रमाणे घराणी आहेत. जर्मन घराण्याचे मूळपीठ झोलिंगेन. तिथली सुरी वजनदार असते, पात्याची कड पोटाशी गोलाई घेते आणि टोक फळीवर टेकवून मूठ खालीवर करत चिरता येते. पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५६ ते ५८, म्हणजे थोडे मवाळ. धार वाकते पण सहसा तुटत नाही, आणि वाकलेली धार पोलादी दांडीवर ओढून सरळ करता येते. जपानी घराण्याची गावे सेकी आणि साकाई. तिथले पाते पातळ, हलके आणि कडक असते, ६० किंवा त्याहून वर. जर्मन पात्याला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांची धार देतात, तर जपानी पात्याला १० ते १५ अंशांची. कोन जितका लहान तितके पाते कांद्यात अलगद उतरते, पण पोलाद जितके कडक तितके ते ठिसूळ. चांगली सुरी निवडणे म्हणजे तीक्ष्णपणा आणि ठिसूळपणा यांतला सौदा पटवणे. सगळे शास्त्र एवढेच आहे, पण पातेपारखी ते दोन जेवणे पुरवतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली न गंजणारे पोलाद ओतले, ही माहिती तो वरण वाढून होईपर्यंत सांगतो, आणि ताटातल्या चमच्याकडे आदराने पाहतो.

पुढची पायरी भाषेची. ‘सुरी’ हा शब्द त्याच्या तोंडून जातो. आधी ‘शेफ्स नाइफ’ येते, मग ‘ग्युतो’. गोमांस कापण्याच्या सुरीवरून आलेले हे नाव तो चतुर्थीच्या दिवशीही निर्विकारपणे उच्चारतो, कारण अर्थ अजून घरात कुणाला कळलेला नसतो. पात्यावरच्या लाटांच्या नक्षीला तो ‘दमास्कस’ म्हणतो. आजच्या सुऱ्यांवर ही नक्षी बहुधा वरच्या थरांची असते, आणि चिरण्याचे काम मधला गाभा करतो. नक्षीमुळे भेंडी अधिक चांगली चिरली जात नाही. किंमत मात्र वाढते.

दुकानात तो ओळखू येतो. इतर गिऱ्हाईक सुरी बोटाने चाचपून भाव विचारते. हा मूठ सोडून पात्याच्या मुळाशी अंगठा आणि तर्जनीची चिमूट धरतो, डोळे मिटतो आणि तोल कुठे आहे ते सांगतो. पकड बरोबर असते, हे कबूल केले पाहिजे. अशा पकडीत पाते डुगडुगत नाही. पण दुकानदाराला वाटते, साहेबांना चक्कर येते आहे.

सुरी घरी आली की प्रात्यक्षिके होतात. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला जातो, कधी कधी त्या दिवशीचाच. मनगटावरचे केस भादरले जातात, आणि आठवडाभर तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी कमी येते हा त्याचा दावा मात्र खरा आहे. बोथट पाते कांद्याच्या पेशी चिरडते, म्हणून रस अधिक उडतो. त्याच कारणाने बोथट सुरीखालची कोथिंबीर लवकर काळी पडते.

यानंतर घराला नियम लागू होतात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरायचे नाही, लाकडी फळी घ्यायची. सुरी बेसिनमध्ये टाकायची नाही. लिंबू चिरले की लगेच धुवून, पुसून ठेवायची. दुधाची पिशवी तिने कापायची नाही. पार्सलची चिकटपट्टी तर नाहीच नाही. नियम सगळे योग्य आहेत, पण घरात इतका पथ्यपाण्याचा प्राणी यापूर्वी फक्त आजोबा होते. रविवारी सकाळी पाण्यात भिजवलेले धारेचे दगड बाहेर निघतात, १००० नंबरचा आणि मग ३००० चा. गल्लीत सायकलच्या चाकावर सहाण फिरवत ‘धार लावायचीऽऽ’ अशी आरोळी आली की पातेपारखी खिडकी लावून घेतो.

यातला अतिरेकी उपप्रकार न गंजणाऱ्या पोलादाला कमअस्सल मानतो आणि साधे कार्बन पोलाद घेतो. त्याला धार सुरेख येते, पण ओले राहिले की गंज चढतो. कांदा-मांस-फळे कापता कापता पात्यावर करडा-निळा थर धरतो आणि तो गंजाला काहीसा अडवतो. अशा एका घरी तीन महिने जोपासलेला थर कामवाल्या मावशींनी तारेच्या घासणीने एका सकाळीत उतरवला आणि वर सांगितले, “दादा, सुरी केवढी काळी पडली होती, चांगली लख्ख केलीय बघा.” दादांनी त्या दिवशी कामावरून रजा घेतली.

खरी परीक्षा लाल भोपळ्याची. पाते पातळ आणि कडक, भोपळ्याचे साल दगडासारखे. पाते मध्यावर अडकते आणि आपला हात सवयीने मनगटाला पिळा देतो. कडक पोलाद दाब सोसते, पिळा सोसत नाही. धारेचा कपचा उडतो, तांदळाच्या कणीएवढा. भोपळ्यात रुतलेल्या सुरीभोवती घर जमते. शेवटी आई म्हणते, “अरे, सरक जरा,” आणि ओट्याखालून विळी ओढते. विळीचे पाते जागचे हलत नाही. फळी पायाखाली, दोन्ही हात भोपळ्यावर, अंगाचा भार वरून. धार तिला गल्लीतलाच माणूस लावतो, आणि कैऱ्यांनी ती वर्षानुवर्षे काळी पडली आहे, त्या काळेपणाला कुणी नाव दिलेले नाही.

पारख्याच्या नादी न लागता ज्यांना नुसती भाजी चिरायची आहे, त्यांच्यासाठी निवड सोपी आहे. २० सेंटिमीटरचे, न गंजणारे, ५६ ते ५८ कडकपणाचे पाते, हाताला बेताची मूठ, एक लाकडी फळी आणि १००० नंबरचा एक दगड. यात वांगी, कोबी, कांदे, कोंबडी सगळे निभावते आणि भोपळाही बहुधा निघतो. नारळ खवायची सोय मात्र यातल्या एकाही सुरीला नाही.